नदी, ऊस, डोंगर... आणि सातबारा



रविवारची सुट्टी असली की आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत हल्ली एक विषय हमखास निघतो. सूनबाई म्हणते, "किती दिवस ह्या दहा बाय दहाच्या खोलीत काढायचे? लोणीकडे कुठेतरी एक-दोन गुंठे घेऊ. मोकळी हवा मिळेल, पोरांना अंगण मिळेल, दारात शेवगा लावता येईल." मुलगा मान डोलावतो. कोपऱ्यात बसलेली आजी मात्र एकच वाक्य बोलून गप्प होते, "गाव सोडायला आम्हाला किती पिढ्या लागल्या, आणि तुम्ही परत गावाकडंच निघालात?"

ह्या दोघींपैकी कोणाचे खरे? आम्ही म्हणू, दोघींचेही खरे आहे. पण दोघींचे एकत्र बसून नीट बोलणे झाले पाहिजे. नाहीतर आजीचा अनुभव वाया जाईल आणि सूनबाईचे साठवलेले पैसेही वाया जातील. म्हणून ह्या वेळी आपल्या सदरात हाच विषय घेतला आहे.

आधी सूनबाईची बाजू. पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडले आणि वीसेक किलोमीटर झाले की लोणी काळभोर लागते. गावाच्या उत्तर अंगाने मुळा-मुठा वाहते, दक्षिणेला डोंगराची रांग आहे आणि मधून खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा जातो. कालव्याच्या पाण्यावर ऊस, भाजीपाला, फुलशेती उभी राहिली. डोंगराच्या पायथ्याला रामदऱ्याचे तळे आणि नारळीची झाडे आहेत. तिथे सुट्टीच्या दिवशी पुण्याची माणसे गाड्या भरून येतात. १८५८ साली पुण्याच्या पूर्वेला रेल्वे सुरू झाली, त्याच मार्गावर लोणीचे स्टेशन आहे. आषाढात तुकोबांची पालखी पुणे सोडल्यावर पहिला मुक्काम इथेच करते. राज कपूरने ह्याच गावाजवळ राजबाग हे आपले शेत वसवले आणि १९७८ सालच्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्' चित्रपटाचे चित्रीकरण तिथे केले. आज त्या राजबागेत मोठी शिक्षणसंस्था आहे, आणि २०१८ साली उद्घाटन झालेला तिथला प्रचंड घुमट लांबूनही नजरेत भरतो.

सांगायचे तात्पर्य, गाव देखणे आहे. ते देखणे आहे असे म्हणायला आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. पहाटेचा गार वारा, उसाच्या फडावरचे दव आणि दारासमोरचे मोकळे आभाळ ह्यांवर कोणा एका जातीचा शिक्का नाही. गिरणीत, कारखान्यात, गटाराच्या कडेच्या झोपडीत ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांच्या लेकरांना मोकळी हवा हवीशी वाटली तर त्यात नवल ते काय?

आता आजीची बाजू ऐकू या. पडद्यावरच्या गावात फक्त नदी असते, देऊळ असते, पाणी भरणारी नायिका असते. त्या गावाला वेशीबाहेरची वस्ती नसते. आजीच्या आठवणीतल्या गावाला ती होती, आणि आजीचा जन्म तिथलाच. गावचा येसकर, तराळ म्हणजे आपला पणजोबा. सरकारी सांगावा पोचवायचा, साऱ्याचा भरणा पोचवायचा, हद्दीच्या भांडणात साक्ष द्यायची, मेलेले ढोर ओढायचे, आणि रात्री दारोदार भाकरी मागायची. ह्या चाकरीच्या मोबदल्यात वतनाची तुटपुंजी जमीन. चाकरी साऱ्या कुटुंबाची, वेळकाळ नाही, नाही म्हणण्याची सोय नाही. हे वतन म्हणजे गुलामीचा दोर आहे हे परमपूज्य बाबासाहेबांनी ओळखले, आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना, खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी सुनावले की ज्याला तुम्ही आदर्श मानता ते खेडे म्हणजे कोत्या वृत्तीचे आणि अज्ञानाचे घर आहे. त्या भाषणामुळे कितीतरी लोक नाराज झाले. पण विहिरीवर लांब उभे राहून ज्यांनी वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलले होते, त्यांना त्यात अतिशयोक्ती दिसली नाही.

मग बाबासाहेबांना हिरवळीचे, नदीचे वावडे होते का? मुळीच नाही. हा गैरसमज आपल्यातही काही जण करून बसले आहेत. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तिच्यात आपल्या लोकांच्या स्वतंत्र वसाहती व्हाव्यात असा ठराव झाला. १९४७ साली घटना समितीपुढे मांडण्यासाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यातही सरकारच्या पडीक जमिनीवर अशा वसाहती उभारण्याची मागणी आहे. म्हणजे शेती हवी, मोकळी जागा हवी, पण दुसऱ्याच्या दयेवर नको. स्वतः बाबासाहेबांनी आपल्या पुणे जिल्ह्यातच, तळेगाव दाभाड्याला जागा घेतली, आणि तिथल्या बंगल्यात ते येऊन राहत. जवळच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी आपल्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. डोंगराच्या कुशीतल्या शांत जागेची ओढ त्यांनाही होती. त्यांच्या त्या राहण्यात आणि पणजोबाच्या गावकुसाबाहेरच्या राहण्यात फरक एकच : तळेगावची जागा त्यांच्या मालकीची होती आणि तिथे त्यांना कोणाची चाकरी नव्हती.

सूनबाई आणि आजी, दोघींनीही हा फरक ध्यानात घ्यावा. गाव डोळ्यांना सुंदर असणे वेगळे आणि राहायला सुंदर असणे वेगळे. गाव राहायला सुंदर केव्हा होते? पायाखालची जमीन आपल्या नावावर असते, नळाला पाणी येते, शेजारी बरोबरीने वागवतो आणि गावाच्या इतिहासात आपलेही पान असते तेव्हा.

शेवटी सांगितलेली गोष्ट आधी घेऊ, कारण जागांच्या जाहिरातींत 'ऐतिहासिक परिसर' हा शब्द फार वापरला जातो. लोणीजवळच्या थेऊरला माधवराव पेशव्यांनी १७७२ साली देह ठेवला आणि त्यांची पत्नी रमाबाई सती गेली. आजही लोक नदीकाठच्या सतीच्या वृंदावनाला हात जोडतात. आपल्या लेकींना तिथे जरूर न्यावे, पण तिथे उभे राहून खरे सांगावे : नवऱ्याच्या चितेवर जिवंत बाईने जळावे ह्याला पुण्य म्हणणारा तो काळ होता. आपल्या रमाईने वेगळी वाट दाखवली. अर्धपोटी राहून तिने संसार पेलला आणि साहेबांचे शिक्षण होऊ दिले. मुलींनी कोणता वारसा घ्यायचा हे त्यांना आपोआप कळेल. त्याच पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला जाई, हे बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरच्या १९३६ सालच्या आपल्या भाषणात लिहून ठेवले आहे. त्या राजवटीशी आपल्या पूर्वजांनी जिथे झुंज दिली, ते भीमा कोरेगावही ह्याच टापूत आहे. थेऊर, केसनंद, लोणीकंद ह्या वाटेने पुढे गेले की भीमेच्या काठी १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा विजयस्तंभ दिसतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तिथे गेले आणि तेव्हापासून तो दगड बोलू लागला.

आणखी मागे जायचे तर लोणीहून रेल्वेने पुण्याला यावे, लोणावळ्याची लोकल धरावी आणि मळवलीला उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी ध्यानासाठी निवडलेल्या ह्या जागा पाहिल्या की निसर्गाची पारख आपल्या धम्माला किती होती ते कळते. कार्ल्याचे चैत्यगृह हे देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. ते एकट्या राजाच्या पैशांतून झालेले नाही. तिथल्या दगडात दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, सुतारही आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या संघटनांकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. थेऊरप्रमाणेच अष्टविनायकांत मोजली जाणारी जुन्नरजवळची लेण्याद्री हादेखील मुळात बौद्ध लेण्यांचाच समूह. म्हणजे हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव ह्या जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरले जात होते. मधल्या काळात ते पुसले गेले. 'आमचा काय इतिहास?' असे विचारणाऱ्या मुलांना एक रविवार तिकडे न्या. शंभर भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

आता जमिनीविषयी. ही बाब जास्त महत्त्वाची आहे, कारण इथे फसवणूक झाली की ती मुलाबाळांनाही भोगावी लागते.

वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि १९५९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पण वतनदारांना परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची राहिली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. ही अट आपल्या अडाणी वाडवडलांकडून कोणी जमीन फुकटात लुबाडू नये म्हणून उपयोगी होती. परंतु गरज मोठी आणि कागदाचे ज्ञान थोडे. लग्नासाठी, दवाखान्यासाठी, कर्जासाठी किती जणांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिले त्याची गणती नाही. ज्या जमिनीला गावाने कधी किंमत दिली नाही, तिच्यावर शहर येऊन ठेपले आणि तिला सोन्याचा भाव आला. लोणीच्या वाटेवर, हडपसरच्या शेजारी मुंढवा आहे. तिथल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या, सरकारच्या ताब्यातील जमिनीचा एका खासगी कंपनीशी झालेला व्यवहार २०२५ साली उघडकीस आला, साऱ्या राज्यात गाजला, गुन्हे दाखल झाले आणि सरकारला चौकशी लावावी लागली. त्या बातमीतला नेत्यांच्या भांडणाचा भाग सोडून द्या. आपल्यासाठी धडा एवढाच की वतनाच्या कागदाला आजही जीव आहे आणि त्यावर दुसऱ्यांची नजर आहे.

त्याच भागातले दुसरे उदाहरण बघा. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली आणि बिल्डरला न विकता स्वतःच नगर वसवले. जमीन देणारे त्या नगराचे भागीदार झाले. शेती गेली तरी मालकी राहिली. हे त्यांना का जमले? कागद त्यांच्या नावाचे होते, आणि ते एकत्र राहिले. शिकण्यासारखे आहे ते इथून शिकावे.

म्हणून नवीन दोन गुंठे शोधण्याआधी आपल्या मूळ गावचा सातबारा काढा. तो आता महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतो. आजोबांच्या नंतर वारसनोंद झाली आहे का? नोंद आहे तर तिच्यात लेकींची नावे आहेत का? वारसा कायद्याच्या बाबतीत आपल्यालाही १९५६ चाच हिंदू वारसा कायदा लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. भावाने बहिणीचे नाव गाळायचे आणि जयंतीला समतेवर भाषण ठोकायचे, हे आपल्या समाजाला शोभत नाही. शिवाय ह्यात एक व्यवहाराचीही गोष्ट आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. मूळ गावच्या चार गुंठ्यांवर नाव असेल तर तो आधार मिळतो. नाव चढवले नसेल तर तो आधार दाखवता येत नाही.

ह्यानंतर लोणीकडची जागा बघायला जायचे. जाताना घरातल्या बाईला बरोबर न्यावे, कारण तिथे दिवसभर राहायचे आहे ते तिला. एजंट डोंगर दाखवील, आपण पुढील गोष्टी पाहाव्यात. जागा बिनशेती झाली आहे का, त्याचा हुकूम वाचावा. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव आहे का, की पाच-पंचवीस जणांचे सामाईक आहे? इतर हक्कांत बोजा आहे का? जमीन वर्ग एकची की वर्ग दोनची? वर्ग दोनची असेल तर परवानगीचा कागद मागावा. नसल्यास तिथूनच माघारी फिरावे. हा भाग २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो, तेव्हा बांधकामाला कोणाची मंजुरी लागते ते तिथल्या कचेरीत विचारावे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा असला तरी अलीकडे त्यात सवलती आल्या आहेत, त्यामुळे कोणाच्या ऐकीव बोलण्यावर जाऊ नये. तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, प्रत्यक्ष भेटावे. इसार देण्याआधी चार पैसे खर्च करून वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत. नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर जमीन आपली होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

पुढची पाहणी कागदात मिळणार नाही. उन्हाळ्यात पाणी नळाचे की टँकरचे? रात्रपाळीहून परतताना बस मिळते का? अंगणवाडी, शाळा, दवाखाना किती लांब? नदीचे सौंदर्य पुलावरून पाहू नये, खाली उतरून वास घ्यावा. साऱ्या पुण्याचे सांडपाणी घेऊन ती थेऊरकडे येते आणि जलपर्णीने झाकली जाते. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोने आसपासच्या विहिरींचे काय केले, हे तिथल्या आयाबायांना विचारावे. शहराला हवा असतो तो गावाचा देखावा, आणि गावाला शहर देते तो आपला मैला. त्या दोहोंच्या मध्ये राहायचे असेल तर डोळे उघडे ठेवून राहावे.

आणि शेजार पाहावा. खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारणारी माणसे अजून संपलेली नाहीत. आसपास आपली किती घरे आहेत, विहार आहे का, जयंतीला मंडप घालू देतात का, मयताला स्मशानभूमी खुली आहे का, हे लाज न बाळगता विचारावे. फार्महाऊसची हिरवळ आपलीच बहीण कापते, मोठ्या संस्थांचे आवार आपलाच भाऊ झाडतो. त्या बहिणीभावांशी दोन शब्द बोलावे. गाव खरे कसे आहे ते त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

इतके करून जागा पसंत पडली तर जरूर घ्यावी. मात्र गावात गेल्यावर मान खाली घालून राहू नये. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतीत आपल्या जागा राखीव झाल्या, आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बाबासाहेबांनी ज्या गावाला नावे ठेवली त्या गावात हा हक्क नव्हता. आज तो आहे, पण ग्रामसभेला न जाणाऱ्याच्या काही तो कामाचा नाही. ग्रामसभेला जावे, दलित वस्तीचा निधी कुठे खर्च झाला ते विचारावे, घरकुलाच्या यादीत नाव आहे का पाहावे. ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसाच नाही, त्या दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांसाठी २००४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबलीकरण योजना आहे. तिच्यात ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन मिळण्याची तरतूद आहे. पुण्याच्या आसपासच्या भावात ती जमीन मिळणे कठीण, हे खरे. पण मूळ गावाकडे चौकशी करायला काय हरकत आहे? ज्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ज्यासाठी हजारो बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या, त्यांच्या नावाची योजना कागदावर पडून राहणे आपल्याला बरे दिसत नाही.

तेव्हा सूनबाई, तू शेवगा जरूर लाव. आजी, तुम्ही तिला अडवू नका. पण जागा बघायला निघाल तेव्हा तिच्याबरोबर गाडीत बसा आणि तुमचे गाव कसे होते ते वाटेत तिला सगळे सांगा. जुन्या गावाचा जाच जिला माहीत आहे, तीच नव्या गावात काय सोसायचे नाही ते ठरवू शकेल. आणि खरेदीखतावर सही करायची वेळ येईल तेव्हा, दादा, कागदावर एकट्याचे नाव घालू नका. घरधनिणीचेही घाला. लोणीच्या डोंगरावरून येणारा वारा मग दोघांनाही सारखाच गार लागेल.

जयभीम!